रोलाच्या मुक्कामाची तयारी

जानेवारीतला एक रविवार. इंदूरच्या त्या घरात जेवणे आटोपली, ताटे उचलली गेली आणि बाबांनी टेबलावर नकाशा पसरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मसुरी नाही, माउंट अबू नाही आणि हॉटेल तर मुळीच नाही. यंदा हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकून राहायचे, असे त्यांनी जाहीर केले. दहावीच्या परीक्षेच्या धास्तीत असलेल्या थोरलीने पुस्तक मिटले. दहा वर्षांच्या धाकट्याने तिथे अस्वल असते का, एवढेच विचारले. असते, आणि तेही दोन जातींचे, काळे आणि तपकिरी, असे उत्तर मिळाल्यावर त्याचे मत तिथल्या तिथे पक्के झाले.

आईने तीनच प्रश्न विचारले. गाडी कुठपर्यंत जाते? तिथून डॉक्टर किती लांब? आणि स्वयंपाक कोण करणार?

या प्रश्नांची उत्तरे मिळायला मार्च उजाडला. दुर्गम ठिकाणच्या सहलीची आखणी या तीन प्रश्नांपासूनच सुरू व्हायला हवी. होते मात्र उलटे. आधी तंबू विकत घेतला जातो आणि मग तो कुठे लावायचा ते ठरते.

पहिल्याचे उत्तर नकाशावर होते. इंदूरहून माळवा एक्स्प्रेसने अंबाला, तिथून मनालीच्या रस्त्याला लागून मंडीच्या पुढे औट. औटच्या मोठ्या बोगद्यात शिरण्याआधीच लारजीकडे फाटा फुटतो. त्या रस्त्याने बंजार आणि बंजारहून दहाएक किलोमीटरवर तीर्थन नदीकाठचे गुशैणी गाव. उद्यानाच्या आत मोटाररस्ता नाही. गुशैणीहून नदीच्या कडेकडेने साधारण दहा किलोमीटर चालले की रोला नावाची जंगलातली जागा येते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे एकवीसशे मीटर. तंबू लावायचा तो इथे. त्याच्या पुढे उभी चढण चढून गेले की तीन हजार मीटरच्या वर शिल्टची झोपडी लागते आणि तिच्याही वर रखुंडीचा माथा.

दुसऱ्याचे उत्तर यातूनच निघाले. रुग्णालय बंजारला, मोठे उपचार कुल्लूला. रोलाहून तिथे पोहोचायचे तर आधी दहा किलोमीटर स्वतःच्या पायांनी किंवा दुसऱ्यांच्या खांद्यावरून यायचे. गुशैणीच्या पुढे मोबाईलचाही भरवसा धरता येत नाही.

"म्हणजे तिथे पाय मुरगळला तर तो मुरगळलेला पाय आपणच आणायचा," आई म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. पण त्यांच्या कागदावरचा बेत तसाच राहिला: पहिल्या दिवशी रोला, दुसऱ्या दिवशी शिल्ट, तिसऱ्या दिवशी रखुंडीचा माथा. बरोबर सगळे घर. नाना, म्हणजे आजोबा, अडुसष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी रोज घेणारे. माई, म्हणजे आजी, चौसष्टच्या. आणि दोन मुले.

बाबांना या जागेची ओढ का लागली, हे समजण्यासारखे आहे. उद्यानाची पहिली अधिसूचना १९८४ सालची, अंतिम १९९९ची. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वारशाच्या क्षेत्राचा विस्तार नऊशे चौरस किलोमीटरहून थोडा अधिक आहे आणि एवढ्या टापूत सस्तन प्राण्यांच्या ३१ आणि पक्ष्यांच्या २०९ जातींची नोंद आहे. वरच्या भागात हिमबिबट्या, कस्तुरीमृग, भरल. खालच्या जंगलात मोनाल आणि त्याहून दुर्मीळ असा जुजुराणा. लाल-काळ्या पिसांवर पांढरे ठिपके असलेला हा कोंबड्याच्या कुळातला पक्षी २००७पासून हिमाचलचा राज्यपक्षी आहे. देवाने सगळ्या पक्ष्यांकडून एकेक पीस मागून घेऊन तो घडवला, असे तिथले लोक सांगतात. तो दिसेलच असे मात्र कोणी सांगत नाही. सांगणारा वाटाड्या भेटला तर दुसरा पाहावा.

तारखांवरून वाद झाला नाही. जुलै-ऑगस्टचा विचारच नको होता. जुलै २०२३मध्ये बियास आणि तिच्या उपनद्यांना आलेल्या पुराने कुल्लू-मंडी भागातले रस्ते नि पूल कसे वाहून गेले, ते सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले होते. पावसाळा सरल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, पण मुलांच्या शाळा. तेव्हा मेचा शेवटचा आठवडा पक्का झाला. तोवर वाटेवरचा बर्फ बराच वितळलेला असतो आणि मोसमी पाऊस यायला अवकाश असतो.

वाद झाला तो उंचीवरून, आणि तो मिटवला घरच्या डॉक्टरांनी. नाना महिन्याच्या तपासणीला गेले तेव्हा आई मुद्दाम बरोबर गेली. डॉक्टरांनी समजावले ते असे: अडीच हजार मीटरच्या वर गेले की विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, धडधाकट तरुणालाही. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. तीन हजारांच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण दंडक आहे. त्रास सुरू झाला तर औषध शोधत बसण्यापेक्षा खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय. बाबांच्या बेतात रोलाहून शिल्टला एका दिवसात हजार मीटरची उडी होती.

"एकवीसशेपर्यंत जायला नानांना माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दहा किलोमीटर चढ-उताराची वाट चालून दाखवा आधी."

म्हणून मार्चमधल्या एका रविवारी सगळे घर महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर गेले. प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि वजनासाठी जुने दिवाळी अंक. चढताना नाना सगळ्यांच्या पुढे होते. परशुरामाच्या देवळाशी बसून त्यांनी थर्मासमधला चहाही सगळ्यांना ओतून दिला. उतरताना मात्र डावा गुडघा बोलू लागला. शेवटचा टप्पा त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून पार केला आणि गाडीत बसल्यावर घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. माई मात्र नऊवारी खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून, चढावर जशा होत्या तशाच उतारावर. उलट खाली आल्यावर त्यांनी विचारले, "एवढंच का?"

बूटही त्या दिवशी कळले. धाकट्याच्या नव्या कोऱ्या बुटांनी दोन्ही टाचांना फोड आणले. नवे बूट घरात, गच्चीवर, दुकानात जाताना घालून किमान महिनाभर मुरवावे लागतात. इंदूरमध्ये आलेला फोड घरी बसून बरा होतो, रोलाच्या वाटेवरचा होत नाही.

एप्रिलमध्ये तंबूची पाळी आली. दोन तंबू, एक तिघांचा आणि एक दोघांचा, एका ओळखीच्या गिर्यारोहण मंडळाकडून भाड्याने मिळाले. ते गच्चीवर उभारून पाहायचे ही सूचना आईची. उकाड्यात घामाघूम होत बाबा आणि थोरलीने पहिला तंबू उभा करायला पाऊण तास लावला. तिसऱ्या वेळी दहा मिनिटांत जमले. मग नानांनी न बोलता बागेची झारी भरून आणली आणि तंबूवर धार धरली. एका शिवणीतून पाणी टिपकले. ती शिवण मंडळातून मेण आणून बंद केली गेली. जंगलात रात्री दोन वाजता हीच शिवण गळली असती तर पिशव्या भिजल्या असत्या आणि भिजलेल्या पिशवीत ऊब राहत नाही. डोंगरात थंडीपेक्षा ओल वाईट. याच कारणाने आईने सगळ्यांच्या सुती विजारी आणि जाड जीन बाजूला काढल्या. सुती कापड भिजले की वाळता वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. त्याऐवजी लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे, एकावर एक घालता येतील असे, आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा. तो फक्त झोपताना घालायचा. दिवसा कितीही मोह झाला तरी नाही.

थोरलीसाठी आणि स्वतःसाठी आईने आणखी एक पिशवी भरली. सहलीच्या तारखा पाहून पाळी येणारच हे उघड होते. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन जंगलात पुरायचे किंवा जाळायचे नाहीत, बंद पिशवीतून परत आणायचे. शौचासाठी नदीपासून साठ-सत्तर मीटर दूर वीतभर खोल खड्डा खणायचा आणि मातीने बुजवायचा, त्यासाठी एक खुरपे. या गोष्टी बायका एकमेकींना सांगतात, याद्यांमध्ये कोणी लिहीत नाही, आणि मग मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. ही यादी थोरलीने स्वतःच्या हाताने लिहिली, हे बरे झाले.

तिसरा प्रश्न स्वयंपाकाचा. पाच माणसांचे पाच दिवसांचे सामान आपण इंदूरहूनच नेऊ आणि स्टोव्हवर रांधू, असा बाबांचा हिशेब होता. आईने दोन आकडे टाकून तो मोडला. आगगाडीतून गॅसची टाकी नेता येत नाही, रॉकेलही नाही, म्हणजे इंधन तिथेच घ्यावे लागणार. उद्यानात लाकडे जाळायची नाहीत, म्हणून ते पुरेसेच घ्यावे लागणार. दुसरे असे की रोलाच्या उंचीवर पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. डाळ पातेल्यात शिजत ठेवली तर ती नुसती फुगते. तेव्हा प्रेशर कुकर हवा आणि कुकर जड.

इथून वजनाचा विषय निघाला आणि घरातली खरी खडाजंगी झाली.

गुशैणीच्या वाटाड्याशी फोनवर बोलणे झाले होते. तो तिथलाच, पलीकडच्या खेड्यातला. तंबू, पिशव्या, शिधा वाहायला पोर्टर किती, असे त्याने विचारले. बाबा म्हणाले, दोन. खर्च आधीच वाढला होता, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो हिंदीत एवढेच म्हणाला की साहेब, सामान एकदा तोलून बघा.

आईने स्नानघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणला. तंबू बारा किलो. झोपायच्या पिशव्या नि चटया तेरा. भांडी, कुकर, शेगडी आणि गॅस मिळून पंधरा. भाज्या, तेल, साखर, चहा, दूधभुकटी अकरा. कपडे प्रत्येकाने आपल्याच पाठीवर न्यायचे, म्हणून ते हिशेबाबाहेर. राहिला शिधा. माणशी रोज अर्धा किलो तांदूळ, कणीक, डाळ. इथे थोरलीने हिशेब थांबवला.

"बाबा, तुम्ही पाच माणसांचाच धरलाय. वाटाड्या जेवणार नाही का? आणि पोर्टर? आणि स्वयंपाकी?"

खरेच धरला नव्हता. दोन पोर्टर धरले तर नऊ तोंडे, पाच दिवसांचा शिधा साडेबावीस किलो, सगळे ओझे त्र्याहत्तरच्या वर. प्रत्येकाच्या पाठीवर छत्तीस-सदतीस किलो.

"मे महिन्यात लग्नाच्या पंगतीला गव्हाचं पोतं उचलायला तुम्ही दोन माणसं बोलावता," आई म्हणाली. "आणि तिथे एकाच्याच पाठीवर छत्तीस किलो घालून त्याला डोंगर चढायला लावणार? अहो, मुलं बघणार आहेत ते."

बाबा म्हणाले, ती माणसे सवयीची असतात. हे उत्तर चांगल्या चांगल्या घरांतून ऐकू येते. त्यावर माईंनी हातातले मटार सोलायचे थांबवले. "सवय आहे म्हणून दुखत नाही असं नसतं रे," त्या म्हणाल्या.

या वादामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती जाहिरातींच्या कागदांवर नसते. १९९९ साली उद्यानाची अंतिम घोषणा झाली तेव्हा भोवतालच्या गावांचे आतल्या जंगलावरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क संपले. उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या कुरणांवर नेणे, औषधी मुळ्या खणणे, गुच्छी नावाची महागडी अळंबी गोळा करणे, यांवर त्या घरांची चूल बरीचशी चालत असे. भरपाई सगळ्यांना सारखी पटली असे नाही आणि ते दुखणे अजून बुजलेले नाही. वन्यजीव वाचले, हे खरे. त्याची किंमत कोणी मोजली, हेही खरे. त्यानंतर त्या खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी वाटाडे, स्वयंपाकी, पोर्टर म्हणून काम सुरू केले, बायकांनी बचतगट उभे केले. ज्या वाटेने एखाद्याचे वडील स्वतःच्या मेंढ्या घेऊन चढत होते त्याच वाटेने तो आता पाहुण्यांचे तंबू वाहतो. त्याच्या मजुरीत घासाघीस करून सहल स्वस्त करणारे पर्यटक स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात, हे चमत्कारिक आहे.

शेवटी पाच पोर्टर ठरले. तोंडे बारा झाली, शिधा तीस किलोंवर गेला, एकूण ओझे एक्याऐंशी. म्हणजे प्रत्येकी सोळा किलो. माणूस वाढला की त्याचे अन्न ओझ्यात वाढते, पण तरीही पाठ हलकी होते, हे धाकट्याने भागाकार करून सिद्ध केले. त्यांच्यासाठी वेगळा तंबू आणि पांघरुणे आहेत ना, हे आईने वाटाड्याला फोन करून विचारून घेतले. वाढलेला खर्च भरून काढायला परतीच्या वाटेवरचे मनालीचे दोन दिवस कापले गेले. थोरली थोडी हिरमुसली. शिधा, भाज्या आणि गॅस बंजारच्या बाजारातूनच घ्यायचे ठरले. घरून फक्त चिवडा, डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याची छोटी बरणी. स्वयंपाकी तिथला असल्याने एका संध्याकाळी तरी सिड्डू खायला मिळतील, वाफवलेले नि तुपात बुडवलेले, हे वाटाड्याने आपणहून सांगितले.

बाकीचे लवकर आवरले. परवाना उद्यानाच्या शमशीच्या मुख्य कार्यालयातून किंवा वाटेवरच्या साई रोपा इथल्या कार्यालयातून मिळतो. प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या दोन दोन प्रती फाईलला लागल्या. शुल्क बदलत असते, ते निघण्याआधी पुन्हा विचारायचे. डोंगरातल्या रस्त्याने रात्रीचा प्रवास करायचा नाही म्हणून मंडीला एक मुक्काम. औषधांचे दोन सारखे डबे, एक आईच्या पिशवीत, एक बाबांच्या, कारण एक पिशवी नदीत पडू शकते.

नवा बेत आईच्या अक्षरात फ्रिजवर लागला. गुशैणीत एक रात्र. मग रोला. रोलाला दोन रात्री झाल्यावर, सगळे ठीक असेल आणि हवा स्वच्छ असेल तरच, बाबा आणि थोरली वाटाड्याबरोबर एका रात्रीसाठी शिल्टला जातील. माई, आई आणि धाकटा रोलालाच थांबतील. दुपारी पाऊस भरून आला किंवा कोणाचेही डोके दुखू लागले तर शिल्ट रद्द, आणि त्यावर चर्चा नाही. पुढल्या दिवशी सगळे पुन्हा रोलाला, त्याच्या पुढल्या दिवशी गुशैणी. नंतर एक दिवस मोकळा, न ठरलेल्या गोष्टींसाठी. रखुंडीचे नाव कागदावर नव्हते. बाबांनी ते एकदा वाचले, पुन्हा वाचले आणि काही न बोलता खाली सही केली.

नानांचे नावही रोलाच्या यादीत नव्हते. ते आईने वगळले नव्हते. जानापावहून आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नाना स्वतःच म्हणाले होते, "मी गुशैणीपर्यंत येईन. नदीकाठी एखाद्या घरात खोली मिळते ना? तिथे बसून वाचीन." कोणी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर ते आले असते, म्हणूनच केला नाही. पण त्या दिवसापासून ते याद्यांच्या चर्चेत बसेनासे झाले होते. टेबलाशी माणसे जमली की ते गच्चीवर जात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आईने त्यांच्यापुढे एक कोरी वही ठेवली.

"नाना, एक काम फक्त तुम्हालाच करता येण्यासारखं आहे," ती म्हणाली. "आत गेल्यावर आमचा कोणाशी संपर्क नसणार. आम्ही कुठल्या दिवशी कुठे असू, किती माणसं, कोणत्या रंगाचे तंबू, कोणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं बाहेर एका माणसाकडे लिहिलेलं हवं. ठरल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आम्ही गुशैणीला पोहोचलो नाही, तर तुम्ही त्या घरच्या माणसांना बरोबर घेऊन साई रोपाच्या कार्यालयात जायचं. आधी फोन करून विचारू, अजून थोडी वाट बघू, असं करायचं नाही."

नानांनी चष्मा लावला. वाटाड्याचे नाव, त्याच्या घरचा क्रमांक, कार्यालयाचा क्रमांक, बंजारच्या रुग्णालयाचा क्रमांक त्यांनी एकाखाली एक, रेघ मारून लिहून घेतले. मुलांचे रक्तगट विचारले. थोरलीला तिचा ठाऊक नव्हता, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिला प्रयोगशाळेत घेऊन जायचे त्यांनी तिथेच ठरवून टाकले. तंबूंचे रंग पाहायला ते गच्चीवर जाऊन आले. एक नारिंगी, एक हिरवा. हिरवा जंगलात दिसायचा नाही, त्यावर काहीतरी लाल बांधा, असे त्यांनी बाबांना बजावले, आणि माईंच्या जुन्या लाल लुगड्याची एक पट्टी फाडून तीही वहीत नोंदवली.

मग त्यांनी तारखेपाशी पेन थांबवले.

"सहा म्हणजे सहाच ना?" त्यांनी विचारले. "तुझा नवरा सांगतो सहा आणि येतो साडेसातला."

"सहाच," आई म्हणाली.

नानांनी सहाचा आकडा लिहिला आणि त्याभोवती दोनदा गोल काढला.